चापायेव्ह : एक रशियन युद्धपट

युद्धपटाचा नायक म्हटला म्हणजे तो कधीं चुकत नाहीं, आणि शेवटीं विजयी होऊन उभा राहतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. लेनिनग्राडच्या लेनफिल्म संस्थेनें १९३४ सालीं काढलेला ‘चापायेव्ह’ हा रशियन बोलपट या अनुभवास मोठा अपवाद होय. वासिली चापायेव्ह ही खरी व्यक्ति. रशियांतील यादवी युद्धांत हा शेतकरी कुळांतला सेनानी लाल सेनेच्या एका डिव्हिजनचा प्रमुख होता, व १९१९ सालीं उरल नदीच्या कांठीं तो पडला. त्याच्या सैन्यांत कमिसार, म्हणजे पक्षाचा देखरेख करणारा अधिकारी, असलेल्या फुर्मानोव्हनें १९२३ सालीं त्याच्यावर कादंबरी लिहिली. तिच्यावरून हा बोलपट वासिलियेव्ह ‘बंधूं’नीं रचला. त्या दोघांचें आडनांव मात्र एक. रक्ताचें नातें कांहींच नव्हतें!

बोरिस बाबोच्किन या नटानें उभा केलेला चापायेव्ह तापट आहे, मानी आहे, आणि फारसा शिकलेला नाहीं. संतापाच्या भरांत तो स्टूल मोडतो, तेव्हां कमिसार त्याला म्हणतो कीं, अलेक्झांडर हाहि थोर सेनापति होता, पण त्यासाठीं स्टुलें कशाला मोडावयाचीं? हा कोण सेनापति, आणि आपल्याला तो ठाऊक कसा नाहीं, असें चापायेव्ह विचारतो. तो दोन हजार वर्षांपूर्वींचा, हें कळल्यावरहि त्याचें समाधान होत नाहीं. कमिसारास जें ठाऊक तें आपल्यालाहि ठाऊक असलेंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. प्रेक्षक येथें हंसतो, आणि हंसतां हंसतां त्याच्या बाजूचा होतो.

शत्रूचें चित्रणहि असेंच डोळसपणें केलेलें आहे. पांढऱ्या सेनेचा कर्नल बेथोव्हेनचें संगीत तन्मयतेनें वाजवितो, आणि त्याचा म्हातारा हुजऱ्या त्याच खोलींत जमीन घांसत असतो. या हुजऱ्याच्या भावाची मृत्युदंडाची शिक्षा कर्नलनेंच कमी करून फटक्यांची केलेली, व त्या फटक्यांनींच तो भाऊ गेलेला! पुढें याच सेनेचे अधिकारी काळ्या गणवेषांत, ढोलाच्या तालावर, एकहि गोळी न झाडतां चाल करून येतात. त्यांची ती शिस्तबद्ध चाल पाहून समोरचा एक लाल शिपाई कौतुकाचा उद्गार काढतो. मशीनगनवर बसलेली अॅन्का मात्र त्यांना अगदीं जवळ येऊं देते. त्या आघाडीवर असे काळे गणवेष नव्हते, असा इतिहासज्ञांचा आक्षेप आहे, व तो खरा आहे. तथापि मूकपणें पुढें सरकणाऱ्या त्या रांगांची दहशत पडद्यावर क्वचितच कोणाला साधली असेल.

शेवटीं पहांटेच्या छाप्यांत हाताला जखम झालेला चापायेव्ह नदींत उडी टाकतो. एका हातानें तो पोहत असतो, भोंवतीं गोळ्यांनीं पाणी उसळत असतें, आणि एका क्षणीं त्याचें डोकें दिसेनासें होतें. रशियांतील मुलें हा बोलपट पुन्हां पुन्हां पाहावयास जात. या खेपेस तरी तो पोहून पार होईल, ही त्यांची आशा. १९४१ सालीं जर्मनीनें स्वारी केल्यावर एका छोट्या प्रचारपटानें ती आशा पुरी केली. त्यांत बाबोच्किनचाच चापायेव्ह पैलतीरीं सुखरूप पोंचतो, व तेथील नव्या शिपायांस लढण्याचें आवाहन करतो. त्या घोर प्रसंगीं शिपायांना त्यानें धीर आला असेल. पण पैलतीरावरचा हा चापायेव्ह नुसता भाषण करतो, स्टूल मोडणाऱ्या त्या माणसाची ओळख त्यांत पटत नाहीं.