आजीचा पगार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावी मी बँकेत रोखपाल होतो. १९८८ साली लागलो, २०२१ साली निवृत्त झालो. बदलीची दोन-तीन वर्षं सोडली तर सगळी नोकरी त्या एका जाळीच्या खिडकीमागे गेली. मी काही अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण गरिबाच्या हातात सरकारनं रोख पैसे ठेवले तर त्याच्या घरात काय होतं, यावर हल्ली फार वाद ऐकू येतात. ते पैसे मोजून देणारा मीच होतो, तेव्हा दोन शब्द बोलायचं धाडस करतो आहे.

आमच्याकडे निराधार योजनेच्या पैशाला ‘पगार’ म्हणतात. संजय गांधी निराधार योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. विधवा, अपंग, टाकलेल्या बायका यांच्यासाठी ती, आणि पासष्टीपुढच्या म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ. माझ्या खिडकीवर वर्षानुवर्षं महिन्याला सहाशे रुपये दिले जायचे. २०१९ साली त्याचे हजार झाले, २०२३ साली दीड हजार. यात केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा वाटा असतो. १९९५ साली तो पंच्याहत्तर रुपये होता, पुढे ऐंशीच्या आतल्यांसाठी दोनशे झाला आणि तिथेच थांबला.

त्या काळी तहसीलमधून यादी यायची. यादी आली की गावोगाव बातमी पसरे आणि सकाळी सातपासून बँकेच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं येऊन बसत. त्यांत एक आजी होत्या. सहाशे रुपये घेताना दर वेळी म्हणायच्या, “साहेब, समद्या दहाच्या द्या.” बाजाराचा दिवस, मागं रांग, आणि ह्यांना साठ नोटा मोजून हव्यात! मी वैतागायचो. एकदा बोललोच, “मावशी, शंभराच्या सहा घ्या की, सांभाळायला सोप्या.” तर म्हणाल्या, “मोठी नोट घरी नेली की ती माझी ऱ्हात न्हाई. मोडायला सुनंकडं नाहीतर पोराकडं द्यावी लागती. मग गेलीच ती.”

तेहतीस वर्षांत, हिशेबाची एवढी बारीक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. दहाची नोट कुणाला न विचारता खर्च करता येते. त्या आजींच्या दहाच्या नोटा कुठे जात, तेही मी हळूहळू विचारून घेतलं. चहाची पुडी, मिश्री, रक्तदाबाच्या गोळ्या, एसटीचं तिकीट. आणि दोन नातवंडं.

या नातवंडांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. आमच्या भागातून दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने कारखान्यावर पालात राहायचं. पोरं बरोबर नेली की शाळा बुडाली. मागं ठेवायची तर सांभाळणार कोण आणि खाऊ काय घालणार? ही आजी दोन्ही नातवंडांना गावात ठेवून घेऊ शकली, कारण तिच्याकडे महिन्याला येणारा पगार होता. सहाशे रुपयांत तिघांचं भागत नाही, हे उघड आहे. पण ज्वारी घरची होती, आणि पगार येतो म्हटल्यावर किराणा दुकानदार तेल-मीठ उधार द्यायचा. नियमित येणाऱ्या पैशाची ही दुसरी बाजू फारशी कुणी बोलून दाखवत नाही. माणसाची पत वाढते. मात्र त्याच पगाराला तीन-तीन महिने उशीर झाला, आणि तो होत असेच, की दुकानदार वही मिटायचा. माझ्या मते रक्कम किती यापेक्षा कोणत्या तारखेला, याला गरिबाच्या घरात जास्त किंमत असते.

पुढे माझ्या वाचनात आलं की २०१९ साली ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांतल्या एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धांच्या पेन्शनचा अभ्यास केला होता. पेन्शन आजीच्या हातात आली त्या घरांत नातींची वाढ सुधारलेली दिसली. आजोबांच्या हातात आली तिथे तसा फरक आढळला नाही. मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आजोबा मंडळींनी रागावू नये, मीही आता आजोबाच आहे.

रोख दिली की दारूत जाते, हे मी स्वतः कित्येक वर्षं म्हणत आलो. शाखेत चहा पिताना आम्ही सगळेच म्हणायचो. खिडकीतून शंभराच्या नोटा घेऊन समोरच्या गल्लीत वळणारे दोन-चार जण दिसत, आणि तेवढेच लक्षात राहत. सरळ घरी जाणारे दीडशे जण कोण लक्षात ठेवतो? मध्य प्रदेशात इंदूरच्या आसपासच्या आठ गावांत २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येकाला, कसलीही अट न घालता, मोठ्या माणसाला महिन्याला दोनशे आणि मुलाला शंभर रुपये. वर्षभरानं ते तीनशे आणि दीडशे केले. तुलनेसाठी पैसे न मिळालेली गावंही पाहिली. दारू वाढल्याचं दिसलं नाही. मुलांचं खाणं सुधारलं, शाळेतली हजेरी वाढली, लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी निरनिराळ्या देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं निघालं नाही. मी माझं म्हणणं मागं घेतलं. पासबुक दिलं नाही म्हणून बायकोचा हात पिरगाळलेला नवराही मी पाहिला आहे, तेही सांगून ठेवतो. सरासरी काढताना ती बाई दिसत नाही.

लपवलेल्या पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा माझ्या खिडकीवर बायकांची गर्दी झाली. लुगड्याच्या पदरातून, धान्याच्या कणगीतून काढलेल्या नोटा. कुणी चार आणल्या, कुणी अकरा. त्या बदलायला नवऱ्याला बरोबर आणावं लागलेल्या काही जणींचे चेहरे मी विसरलेलो नाही. पगारातून, रोजगारातून वर्षं-वर्षं बाजूला टाकलेलं ते धन एका आठवड्यात घरभर ठाऊक झालं. कायद्यानं एक रुपयाही गेला नाही. पण त्यांचं जे होतं ते गेलंच.

आणि आता आमच्या हातून झालेलं. एका विधवेच्या मुलाचं पीककर्ज थकलं होतं. शाखेला वसुलीचं उद्दिष्ट होतं. आम्ही तिच्या निराधारच्या खात्याला ‘होल्ड’ लावला. ती आली, मी संगणकाकडे बघून म्हटलं, “मावशी, पैसे निघत नाहीत, वरून बंद आहे.” वरून काही नव्हतं, माझ्या शेजारच्या टेबलावरून होतं. ती काही न बोलता गेली. पुढच्या महिन्यात साहेबांच्या मागं लागून तो होल्ड मी काढायला लावला, पण तिचा तो महिना कसा गेला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणींच्या पहिल्या हप्त्यातून काही बँकांनी जुनी येणी कापल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारला ‘कापू नका’ असं सांगावं लागलं, तेव्हा मला ती बाई आठवली.

त्या योजनेचं म्हणाल, तर निवडणुकीच्या तोंडावर आली म्हणून पुष्कळ टीका झाली, आणि तिजोरीवरच्या भाराचा प्रश्न खराच आहे. त्यात मी पडत नाही. मी फक्त रांग पाहिली. एकवीस ते पासष्ट वयाच्या बायकांना महिन्याला दीड हजार, आणि तेही तिच्या स्वतःच्या खात्यात. त्यामुळे उभ्या आयुष्यात बँकेची पायरी न चढलेल्या सुना त्या पावसाळ्यात खातं उघडायला आल्या होत्या. एकीला विचारलं, काय करणार? म्हणाली, “दाढ काढायची आहे. दोन वर्षं झाली दुखती.” घरात मोटारसायकल होती, मोबाईल होता. दाढेसाठी पैसे मागायचे कुणाकडे आणि कसे, एवढंच अडलं होतं.

शेतकऱ्याच्या पैशाचं गणित निराळं. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. दोन हजारांत डीएपीची एक गोणी साडेतेराशेची आणि युरियाच्या दोन गोण्या येतात, वर शंभर रुपये उरतात. पेरणीच्या तोंडावर हप्ता आला तर सावकाराकडची एक फेरी वाचते. पेरणी उरकल्यावर आला तर लग्नाच्या आहेरात जातो. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराला यातलं काहीच नाही.

रोख चांगली म्हणून सगळंच रोखीत द्यावं, असं मात्र मला वाटत नाही. आमच्यासारख्या शेतकरी आत्महत्या झालेल्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना पूर्वी दोन रुपये किलोनं गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा, माणशी पाच किलो. २०२३ पासून त्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यात यायला लागले, २०२४ मध्ये त्याचे एकशे सत्तर झाले. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “गहू आला की चार दिवस घरात निवडत बसायचो, पोरांना दिसायचा. आता फोनवर मेसेज येतो, तो आधी यांना दिसतो.” दुकानात गव्हाचा भाव वर गेला की त्या एकशे सत्तरांचा गहू आपोआप कमी होतो. रेशन दुकानदाराच्या मापातल्या पापाबद्दल मीही कमी बोललेलो नाही, पण पोत्याला भाव चढत नाही हेही खरं.

गेल्या वर्षी माझं पासबुक भरायला शाखेत गेलो होतो. बाहेर ग्राहक सेवा केंद्राच्या टेबलापाशी दहाच्या नोटावाल्या आजी बसलेल्या. वय ऐंशीच्या पुढे, पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाल्यापासून तिकिटाचा प्रश्न उरला नव्हता. पण अंगठा लागत नव्हता. आयुष्यभर शेण-माती आणि भांडी घासलेलं बोट, त्याच्या रेषा यंत्राला सापडेनात. केंद्रावरचा पोरगा भला होता. ओल्या फडक्यानं बोट पुसून त्यानं पाचव्यांदा लावलं आणि लागलं. त्यानं पाचशेच्या तीन नोटा दिल्या. आजींनी त्या हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

मी एक नोट घेऊन समोरच्या पानटपरीवर गेलो. दहाच्या पन्नास काही मिळेनात. वीसच्या पंचवीस आणून दिल्या. आजींनी त्या दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, “चालत्यात. पोरंबी आता मोठी झाली, धाच्या नोटंत त्यांचं काय येतंय!”