काडतुसाचे माप

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. बंदूक आणि दारूगोळा ही सैनिकांची, शिकाऱ्यांची किंवा दरोडेखोरांची बाब. सुशिक्षित नागर कुटुंबाला तिच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या घराण्यांची मुळे खेड्यात आहेत, अशा काही घराण्यांत आजोबा-पणजोबांच्या काळची एखादी बंदूक अद्याप परवान्यावर चालत आलेली असते, आणि तिच्यासोबत काडतुसांचा एखादा जुना डबाही असतो. त्या डब्यात नेमके काय आहे, हे मात्र घरातील कोणालाच धड सांगता येत नाही. ह्या डब्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला; पण त्याच्या अंगावर कोरलेले आकडे कोणी ठरविले व का ठरविले, हा इतिहास पुष्कळ अंशी आपला स्वतःचा आहे.

प्रथम एक गाव डोळ्यांसमोर आणू. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी, आंजी (मोठी) हे गाव लागते. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू ही ह्या भागातील पिके. रानडुकरांचा कळप रात्री शेतात शिरला म्हणजे तो खातो त्याहून अधिक तुडवितो. रोही आला तर त्याला सामान्य कुंपणाची पर्वा नसते. शेतकरी माळ्यावर बसून जागल करतो, डबे वाजवितो, फटाके उडवितो. एवढ्यानेही भागले नाही म्हणजे त्याला बंदुकीची आठवण होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने अशा शेतकऱ्याची आठवण ठेविली आहे. पिकाच्या रक्षणासाठी खरोखरीच हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तिने काम भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, असे त्या कायद्याच्या १३ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे.

ठासणीच्या बंदुकीला काडतुसाचे माप लागत नाही. दारू, चिंध्या आणि छर्रे तोंडाकडून ठासावयाचे व टोपी बसवून बार काढावयाचा, एवढाच तिचा व्यवहार. काडतुसाची बंदूक आली की मापाचा प्रश्न सुरू होतो. नळीच्या मागील कोठडीत जे काडतूस अचूक बसेल तेच तिचे. एका मापाची नळी दुसऱ्या मापाच्या काडतुसाला कधी नाकारते, आणि कधी दुर्दैवाने नाकारीतही नाही.

ही मापे सांगण्याच्या तीन निरनिराळ्या रीती प्रचारात आहेत, आणि सगळा गोंधळ येथूनच होतो. पहिली रीत बोअरची. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या गोल गोळ्या केल्या आणि बारा गोळ्यांचे वजन एक रत्तल भरले, तर ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्यांचे रत्तल झाले तर वीस बोअरची. म्हणून ह्या रीतीत आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो, वीस बोअरचा सुमारे साडेपंधरा. दुसरी रीत इंचाच्या दशांशाची : .२२, .३०३, .३१५, .३२. तिसरी मिलिमीटरची. एकच काडतूस दोन देशांत दोन नावांनी हिंडते ते ह्यामुळेच. कुमाऊंचे प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट ह्यांची .२७५ ची रायफल पुष्कळांना माहीत आहे; तिचे काडतूस म्हणजे जर्मनांचे सात मिलिमीटरचे माऊझर काडतूसच होय. त्याचप्रमाणे आपल्याकडील .३१५ आणि आठ मिलिमीटर ही दोन मापे नसून एकाच काडतुसाची दोन नावे आहेत. परवान्यावर एक नाव आणि डब्यावर दुसरे, असे दिसले म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एका देशात इतकी निरनिराळी मापे कशाला हवीत? ह्याचे यांत्रिक उत्तर सोपे आहे. पक्ष्यासाठी बारीक छर्रे लागतात, डुकरासाठी जाड छर्रे किंवा गोळी, निशाणबाजीसाठी हलके काडतूस. परंतु हिंदुस्थानापुरते हे उत्तर अपुरे आहे. येथील मापांचा पसारा शिकाऱ्याच्या गरजेने जितका वाढला तितकाच राज्यकर्त्यांच्या अविश्वासानेही वाढला.

१८५७ च्या उठावात एनफील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी काय केले, हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. त्या रायफलीचे माप .५७७ होते. उठाव मोडल्यानंतर जे झाले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. देशी शिपायांसाठी त्याच बंदुकीचा एक नवा नमुना काढण्यात आला. बाहेरून ती एनफील्डसारखीच दिसे. पण नळीतील आटे नाहीसे केलेले, व्यास वाढवून.६५६ केलेला. आटे नसल्यामुळे गोळी दूरवर नेमकी जात नसे. गोऱ्या शिपायाच्या आणि काळ्या शिपायाच्या बंदुकीतील अंतर असे इंचाच्या हजाराव्या भागात मोजून ठरविले गेले. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला, आणि हिंदी माणसाच्या हातात बंदूक परवान्याखेरीज राहू नये अशी व्यवस्था झाली.

ह्यापुढची पायरी अधिक चातुर्याची होती. सैन्याचे काडतूस चोरीला गेले तरी ते प्रजेच्या बंदुकीत बसू नये, असा हिशेब करण्यात आला. सैन्याची रायफल .३०३ ची, म्हणून खासगी माणसाला ते माप बंद. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० च्या होत्या आणि त्या बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात व सुदानात त्या मापावरही बंदी आली. मोठ्या शिकारीचे शौकीन संस्थानिक आणि साहेब लोक अडचणीत आले, तेव्हा विलायतेतील बंदूक-कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारचीच मापे काढून त्यांची सोय केली. आफ्रिकेच्या जंगलात पुढे गाजलेली ही मापे येथील एका सरकारी हुकुमापायी जन्मास आली, हे पुष्कळ शिकाऱ्यांनाही माहीत नसते.

.३१५ ची कथा अशीच आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या जुन्या मॅनलिखर काडतुसापासून हे माप आले. येथील सैन्य ते वापरीत नव्हते, म्हणून ते प्रजेला चालण्यासारखे होते. बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात ह्या मापाची जी शिकारी रायफल तयार झाली, तिचा सांगाडा थ्री-नॉट-थ्रीच्याच लष्करी रायफलीचा आहे. वेगळी आहे ती नळी आणि तिची कोठडी. दोन सख्ख्या बहिणी, पण एकीच्या घरचे अन्न दुसरीला चालू नये अशी ही योजना!

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले, तरी हे तत्त्व तसेच राहिले. १९५९ च्या कायद्याने वर्जित शस्त्रे व वर्जित दारूगोळा असा वर्ग कायम ठेविला. सैन्याचे व पोलिसांचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास मिळत नाही, त्याला.३२ चे मिळते. .३०३ ला आपल्या सैन्याने केव्हाच निरोप दिला, त्याच्यानंतर ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची रायफल आली. ह्याच्या उलट अमेरिकेत पाहावे. तेथे सैन्याने एखादे काडतूस स्वीकारले की लोकही तेच घेऊ लागतात. १९०६ साली त्यांच्या सैन्याने पत्करलेले .३०-०६ हे काडतूस तेथील शिकाऱ्यांचे आवडते झाले. त्यामुळे तेथील घरातील मापांची गर्दी ही आवडीनिवडीची व बाजाराची आहे. आपल्याकडील गर्दी ही मुख्यतः परवान्यांची आणि वारशाची आहे. आणि गंमत अशी की, तेच परक्या सैन्याचे .३०-०६ येथील नागरिकाला परवान्यावर ठेवता येते. आपल्या सैन्याचे मात्र नाही.

ह्यात योग्य काय आणि अयोग्य काय, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. मात्र हा प्रश्न केवळ शिकाऱ्यांचा नव्हे, हे एका गोष्टीवरून दिसेल. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मीठावरील कर उठवावा ही जशी होती, तशीच लोकांच्या नियंत्रणाखाली आत्मरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने द्यावेत हीही होती. अहिंसेचे व्रत घेतलेला हा पुरुष पुढे ह्याच वर्धा जिल्ह्यात येऊन राहिला. त्या मागणीत बंदुकीचे प्रेम नव्हते. प्रजेवर राज्याने ठेवावयाच्या विश्वासाचा तो प्रश्न होता. विश्वास मागणाऱ्याने जबाबदारीही पत्करली पाहिजे, आणि ह्या जबाबदारीची सुरुवात घरातील त्या डब्यापासून होते.

वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रांतातील. येथे मालगुजारी होती, आणि ती १९५१ साली संपली. मालगुजारांची दुनळी, पाहुण्या शिकाऱ्याने मागे ठेवलेली काडतुसे, विकून टाकलेल्या रायफलीची उरलेली गोळी, असे सर्व काही एकाच डब्यात साठत जाते. ह्यातील सर्वांत मोठा धोका असा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले, तर ते मागच्या कोठडीत न थांबता पुढे सरकून नळीत अडकते. बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. मग तो तिच्यात बारा बोअरचे योग्य काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी त्याच्या डाव्या हातापाशी फुटते. हा अपघात इतका ओळखीचा आहे की, वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा परिपाठच पडला आहे. जुन्या काडतुसांत मात्र रंगाचा भरवसा धरता येत नाही.

दुसरा धोका वयाचा. कागदी आवरणाचे काडतूस पावसाळ्याच्या दमट हवेने फुगते व कोठडीत अडते. वैदर्भीय उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या खोलीत वर्षानुवर्षे पडलेल्या दारूचा गुण बिघडतो. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर ते काडतूस मेले असे समजून लगेच नळी उघडणे फार घातक असते. बार काही क्षणांनी उशिरा होऊ शकतो. नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून थांबणे, हाच शहाणपणा. तिसरी गोष्ट छर्ऱ्यांची. बारा बोअरच्या काडतुसावरील क्रमांक जितका मोठा, तितका छर्रा बारीक, एल्. जी., एस्. जी. ह्या अक्षरांची काडतुसे जाड छर्ऱ्यांची. ज्याने पक्ष्याचे काडतूस डुकरावर झाडले, त्याने डुक्कर मारले नाही. जखमी व संतप्त डुक्कर मात्र पुढच्या माणसाच्या वाटेत सोडले.

साठविलेला दारूगोळा म्हणजे मुकाट पडलेले लोखंड नव्हे, हे वर्धा जिल्ह्याला तरी सांगावे लागू नये. ह्याच जिल्ह्यात पुलगाव येथे सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी उत्तररात्री तेथे आग लागून प्रचंड स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी प्राणास मुकले, आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. जेथे शिस्त आहे, नोंदी आहेत, तज्ज्ञ माणसे आहेत, तेथे हे घडू शकते. मग ज्या कपाटाची किल्ली कोठे आहे हेही घरात एकालाच ठाऊक असते, त्याविषयी काय बोलावे?

तेव्हा करावे काय? परवाना काढून वाचावा. कोणत्या मापाची बंदूक आणि किती काडतुसे ठेवण्याची मुभा आहे, हे त्यावर लिहिलेले असते. परवान्यातील मापाशी न जुळणारे एकही काडतूस घरात ठेवू नये. आठवण म्हणून नाही, शोभेसाठीही नाही. परवान्याची मुदत संपली, तर शस्त्र व काडतुसे विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावीत, असे कायद्याचे २१ वे कलम सांगते. परवानाधारक निवर्तला तर वारसांनीही हाच मार्ग धरावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, हेही ध्यानात असावे. अनोळखी काडतूस स्वतः फोडू नये, चुलीत टाकू नये, विहिरीत तर मुळीच टाकू नये.

आणखी एक गोष्ट शेतकरी श्रोत्यांसाठी. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या किंवा रोह्याच्या बाबतीतही अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हवेत बार काढून कळप हाकलणे निराळे आणि गोळी घालणे निराळे.

श्रोतेहो, काडतुसाच्या बुडावर कोरलेला आकडा हा प्रथमदर्शनी निर्जीव दिसतो. पण कोणाच्या हातात काय द्यावे, कोणावर किती विश्वास ठेवावा, ह्याचा निर्णय त्यात गोठलेला असतो. परक्या सरकारने तो आकडा भयाने ठरविला. आपल्या सरकारने तो वारशाने घेतला. आंजीच्या शिवारात माळ्यावर जागणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याने जी एक साधी बंदूक देऊ केली आहे, ती मात्र विश्वासाची आहे. ज्याच्या घरी बंदूक एक, तिचे माप ठाऊक, आणि काडतुसे मोजलेली, तोच माणूस ह्याहून अधिक विश्वास मागण्यास अधिकारी ठरतो. आपल्या घरी असा एखादा डबा असेल, तर उद्याच्या उजेडी, मुलाबाळांना दूर ठेवून, तो एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.