आधी विचारा, मग लिहा
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला आणि डावा पाय अधू झाला. शाळेत असताना माझा फोटो एका पत्रिकेत छापून आला. खाली ओळ होती, 'बिचारी अपंग मुलगी'. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले होते. पण मला कोणी काही विचारलेच नव्हते.

पुढे ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला. आता नंदुरबार जिल्ह्यात काम करते. सातपुड्यातले पाडे कुबडी घेऊन चढणे मला जमत नाही, म्हणून लोक बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येतात. मी त्यांचे वनहक्काचे कागद लिहिते. २००६ च्या कायद्यात गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरतात. दंडाची पावती हरवलेली असते, पण शेताला बांध कोणी घातला हे आजोबांना आठवते. ते नीट उतरवून घेणे, हेच माझे लेखन. सुनावणीला कचेरीचा जिना असतो. तेव्हा पाड्यावरच्या दोघी मला हात देतात, आणि वर गेल्यावर मी त्यांचा अर्ज वाचते.

गेल्या वर्षी एका विधवा बहिणीवर मी लेख लिहिला. मोडकी झोपडी, तिचे अश्रू, सगळे त्यात आले. छापून आल्यावर तिला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू माझं रडणं लिहिलं. माझा दावा नामंजूर झाला, ते कुठं लिहिलं?"

तो कागद तिने मला पहिल्याच दिवशी दाखवला होता. लेख द्यायची तारीख जवळ आली म्हणून मी तो बाजूला ठेवला. उपविभागीय समितीने दावा नाकारला, तर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस मिळतात. त्यातले ४० दिवस निघून गेले होते.

मला माझा शाळेतला फोटो आठवला. माझ्या बाबतीत जे झाले, तेच मी तिच्या बाबतीत केले होते.

त्याच दिवशी आम्ही अपील लिहायला बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. अपील मुदतीत दाखल झाले. निकाल अजून यायचा आहे. आपण प्रार्थना करावी.

बार्तीमय आंधळा आहे, हे प्रभूला दिसतच होते. तरी त्याला काय हवे, हे प्रभूने त्यालाच विचारले. वनहक्क कायद्याच्या नावात हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या नावातही हक्कच आहे. दया दोन्हींत नाही.

आपल्या पत्रिकेसाठी लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवा. आणि त्याच्या हातात एखादा कागद असेल, तर तो आधी वाचा.