आधी तपासणी, मग हात

मंडळी, पाठ कुणाची दुखत नाही? नांगर धरणाऱ्याची दुखते, भातलावणी करणाऱ्या बाईची दुखते. आमचीही एकदा धरली. आम्ही एका मालीशवाल्याकडे गेलो. त्याने कंबर कडाकडा मोडली. दुसऱ्या दिवशी डावा पाय बधिर! मग दवाखाना गाठला. बरं व्हायला दोन महिने लागले. चूक आमचीच. आधी तपासून घेतलं नव्हतं.

अमेरिकेत मणक्यांवर हाताने उपचार करणारे लोक आहेत. त्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. ही विद्या डॅनियल पामर यांनी १८९५ साली डेव्हनपोर्ट गावी सुरू केली. त्याच साली जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लागला. एक हाताची विद्या, दुसरी आत पाहण्याची.  बहुतेक रोग मणक्यांमुळे होतात, असं पामर म्हणत. ते खरं नव्हतं. डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार घातला. १९८७ साली कोर्टाने तो बेकायदा ठरवला. २००४ पासून तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत कायरोप्रॅक्टर बसू लागले. आधी डॉक्टर तपासतो, मग जरूर असेल तर त्यांच्याकडे पाठवतो. कंबरदुखीला थोडा गुण येतो. पण हा काही सगळ्या रोगांवरचा उपाय नव्हे.

आपण यातून काय घ्यायचं? पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली, लघवी अडली, ताप आला, किंवा पडून मार लागला, तर पाठीला कुणाचा हात लावू देऊ नका. थेट दवाखान्यात जा. हात गुणाचा असेलही, पण आत काय बिघडलंय ते हाताला दिसत नाही.