गावठाणाची रेघ

शहर आपल्या दारात येतं, त्याच्या कितीतरी वर्षं आधी ते नकाशावर आलेलं असतं. नवी मुंबईचंच बघा. मुंबईत माणूस मावेना, म्हणून १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. (तिघांत एक बाई होती बरं का!) १९७० ला सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं त्यात गेली.

नव्या शहरात सुमारे २० लाख माणसं राहतील, असा हिशेब होता. गावातल्या वाढत्या घरांचा मात्र हिशेब कुणी नीट धरला नाही. पोरांची लग्नं झाली, सुना आल्या, चुली वेगळ्या झाल्या. गावठाणाची रेघ होती तिथेच. मग रेघेबाहेर काढलेली खोली कागदावर अनधिकृत ठरली. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द तिकडे अजून ऐकू येतो. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली ती त्यानंतर.

आपल्या भागाचा प्रारूप आराखडा लागला, की हरकतींची मुदत नोटिशीत असते. नकाशावर आपला गट नंबर शोधा. गावठाण वाढायला जागा ठेवलीय का, पाणवठा आणि स्मशानाची वाट दाखवलीय का, बघा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. सातबाऱ्यावर तुमचं नाव नसलं तरी हरकत देता येते. 'मालकाला पाठवा' असं कुणी म्हटलं, तर तिथून उठू नका.