पाण्याचं शिकायचंय, पण फॉर्म कुठला भरायचा?

(माळेगाव बुद्रुक येथे गटांच्या मासिक सभेत केलेलं मनोगत)



मागच्या महिन्यात एका गटाची बचत जमा झाल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, पोरगी बारावी सायन्सला आहे. पाण्याची इंजिनिअर व्हायचं म्हणते. घरातले म्हणतात, कॉम्प्युटरच घे. असं काही असतं का हो?"

असतं ताई. मी समाजकार्य शिकलेली, इंजिनिअर नाही. म्हणून चौकशी करूनच आज बोलतेय.

आपल्याच तालुक्याचं बघा. नीरा डाव्या कालव्याखाली पाणी जास्त होऊन रानं खारवट झाली, आणि जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. पाणी कुठं, किती द्यायचं, जादा झालेलं कसं काढायचं, हाच हिशोब पोरीला शिकायचाय.

पण बारावीनंतरच्या यादीत 'जलसंपदा अभियांत्रिकी' हे नाव बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एम.टेक.ला पाण्याचा विषय. पदवीच्या मुख्य वाटा दोन.

पहिली सिव्हिल. धरण, कालवा, पाणीपुरवठा यात येतं. विश्वेश्वरय्यांनी पुण्यात सिव्हिलच शिकून 1903 मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. दुसरी कृषी अभियांत्रिकी, राहुरीच्या कृषी विद्यापीठात आहे. तिथं ठिबक, निचरा, मृद व जलसंधारण शिकवतात. दोन्हीला एमएचटी-सीईटी लागते, प्रवेशाचे फॉर्म मात्र वेगळे.

पुढं नागपूरच्या व्हीएनआयटीत जलसंपदेचं एम.टेक. आहे. गेट परीक्षेतून प्रवेश मिळाला, तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं.

फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, नोकरी. जलसंपदा विभागात कनिष्ठ अभियंता व्हायला सिव्हिल लागतं. कुठल्या पदाला कुठली पदवी चालते, ते जुन्या जाहिरातीत वाचा. मागनं कळून उपयोग नाही.

दोन, फी. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी शासन भरतं. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा धरा, मगच गटाच्या कर्जाचा आकडा ठरवा.

तीन, कॉलेज. पोरीला घेऊन स्वतः जा. पाण्याची प्रयोगशाळा दाखवा म्हणा, शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोला.

आणि दहावीतल्या मुलींसाठी तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमाही आहे. त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

तायांनो, गटात प्रत्येकीला विचारल्याशिवाय आपण ठराव करत नाही. मग पोरीच्या शिक्षणाचा ठराव तिला न विचारता कसा करायचा?