सातारा ते मिरज : सायकलवरून एकटीने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण गेल्या पौषात मी साताऱ्याहून मिरजेला सायकलने एकटी जाऊन आले, त्याची चौकशी आळीत अजून चालू आहे. तेव्हा एकेकीला निराळे सांगण्यापेक्षा सर्वांना एकदमच सांगावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले.

सगळ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले. "बरोबर कोण होते?" आणि "नवस होता का?" बरोबर कोणी नव्हते आणि नवसही नव्हता. आपण बायका घराबाहेर पडतो त्या दवाखान्यासाठी, लग्नाबारशासाठी, नाहीतर बँकेच्या कामासाठी. म्हणजे कारण बहुधा दुसऱ्याचे. मला एकदा स्वतःच्या कारणाने जायचे होते. आमच्या वडिलांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचे वेड. रेडिओवर त्यांची भैरवी लागली की हातातले काम थांबे. त्यामुळे मिरज पाहावी असे लहानपणापासून मनात होते.

घरी विषय काढला तेव्हा आमचे हे गप्पच बसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मी पंढरीला चालत गेले, ही सायकलवर जाईल. रोज संध्याकाळी फोन कर म्हणजे झाले." त्यापुढे कोण काय बोलणार!

सायकल मुलीची, साधी, बिनगिअरची. दोन महिने रोज पहाटे आधी वाढे फाट्यापर्यंत आणि मग लिंबापर्यंत जाऊन येत होते. पंक्चर काढायला दुकानदाराकडे बसून शिकले. सामान थोडेच घेतले : दोन कपडे, पंप, ठिगळाचे सामान, मागे लावायला लाल दिवा, भाकरी-चटणी आणि गूळ-शेंगदाणे.

पहिला मुक्काम कराडला मावसबहिणीकडे केला. अंतर सुमारे ५० किलोमीटर. साताऱ्याहून कराड सखल असल्याने जाताना सायकल आपसूक पळते. भीती वाटली ती उसाच्या ट्रॉल्यांची. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्या आल्या की मी खाली उतरून कडेला उभी राहत असे. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर बसले, तेव्हा पाय दुखत होते, पण मन अगदी हलके झाले होते.

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्यावर हमरस्ता सोडून सांगलीची वाट धरली. आष्ट्याच्या अलीकडे चाक बसले. शेजारच्या फडात बीडकडच्या बायका ऊस तोडत होत्या. दोघी आल्या आणि चाक धरून बसल्या. "एकलीच हायेस?" म्हणून विचारले. मी हो म्हटले, तशी एक म्हणाली, "आम्ही पोटासाठी एवढ्या लांब येतो, तू हौसेसाठी आलीस. बरं केलंस." शाबासकी मला पुष्कळ मिळाल्या, पण ही सर्वांत मोठी वाटली.

मिरजेत एका लॉजवाल्याने एकट्या बाईला खोली देत नाही म्हणून परत पाठविले. दुसऱ्याने आधार कार्ड पाहिले आणि काही न विचारता किल्ली दिली. गाव एकच, पण माणसे दोन तऱ्हेची! म्हणून सांगते, पहिल्या नकाराला घराकडे वळू नये.

तिसरा दिवस मिरजेसाठी राखला होता. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडविणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम बसले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्ये करायला घेतली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच काम करीत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठाहून येतात. ते भाजीचे नव्हेत, जाड सालीचे आणि कडू. एक कारागीर जवारी काढीत होते. घोडीवर कानस थोडी फिरवायची, तार चढवून ऐकायची, पुन्हा उतरवून घासायची. मी तासभर पाहत बसले. घाई कुठेच नव्हती. हे काम कानानेच करावे लागते, असे ते म्हणाले.

नंतर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात वारले, पण त्यांना आणून मिरजेतच दफन केले. दरवर्षी उरुसाला तेथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. वडिलांच्या नावाने दोन फुले वाहिली.

त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मिरजेतच १९०५ साली जन्मल्या. कुलीन बाईने तिकीट लावून लोकांपुढे गावे हे तेव्हा समाजाला रुचत नव्हते. हिराबाई व्यासपीठावर बसून गायल्या आणि पुढच्या मुलींना वाट मोकळी झाली. आज बाई गायला बसली तर "बरोबर कोण?" असे कोणी विचारते का? सायकलवरच्या बाईलाही एक दिवस कोणी विचारू नये, एवढेच माझे मागणे आहे.

परतीला चढ आणि समोरून वारा. कराडला पुन्हा मुक्काम करून पाचव्या दिवशी घरी पोचले. येऊन-जाऊन सुमारे २७० किलोमीटर झाले. घर जागच्या जागी होते. ह्यांना कुकर लावता येऊ लागला होता, हा वरचा फायदा.

आता एक विनंती. आपल्या मंडळातील कितीतरी जणींना सायकल येत नाही, कारण लहानपणी ती भावाला मिळाली. दर रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर मी सायकल घेऊन उभी राहीन. साडी असो वा पंजाबी ड्रेस, वय चाळीस असो वा साठ, यावे. मागून धरायला मी आहे. सर्वांनीच मिरजेला जावे असे नाही, पण भाजी आणायला जाताना तरी कोणाची वाट पाहावी लागू नये.